शेडमधला वास

१० नोव्हेंबर

ही डायरी दोन वर्षांपूर्वी पतसंस्थेने दिलेली. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. तेवढं पुरे. डोक्यात जे सारखं गरगरतंय ते कुणाला बोलून दाखवता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. नवऱ्याला, सागरला, सांगितलं तर तो म्हणतो, "होडी पाण्यात घालायच्या आधीच तू बुडालीस म्हणतेस."

आज आमच्या काळबादेवी गावात, शाळेत, गावसभा होती. विषय आमच्याच गाड्यांचा. पुण्याची एक कंपनी इंधनपेशीवर, म्हणजे फ्युएल सेलवर, चालणाऱ्या तीन गाड्या चाचणीसाठी आम्हाला देणार आहे. आमच्या टुरिस्ट धंद्यात त्या फिरवायच्या, गणपतीपुळे, आरे-वारे, पावस. इंधन ठेवायचं आमच्या आवारातल्या शेडमध्ये. सागर गाड्या बघतो, मी बुकिंग आणि गिऱ्हाइकं.

अनिल भावोजी मोबाइल उंच धरून उभे राहिले. सागरचे चुलतभाऊ, ग्रामपंचायतीत सदस्य, आणि त्यांची आंब्याची बाग आमच्या कुंपणाला लागून. कुठल्या तरी देशात हायड्रोजनचा साठा उडाला त्याचा व्हिडिओ होता. "दर्शना, हा बॉम्ब तू माझ्या कलमांखाली ठेवणार काय गो?"

कंपनीचा इंजिनियर ऋत्विक, पंचविशीचा असेल, शांतपणे उठला. "काका, हायड्रोजन आणणारच नाही. मिथेनॉल आणणार. पाण्यासारखं पातळ असतं, ड्रममध्ये येतं, त्याला दाब लागत नाही. गाडी त्यातून स्वतःपुरता हायड्रोजन काढते, लागेल तेवढाच."

"म्हणजे फुटणार नाय?"

"टाकीसारखं फुटणार नाही."

"आणि काळजी काय घ्यायची?"

"दोनच गोष्टी. आगीपासून लांब ठेवायचं आणि प्यायचं नाही."

सभा हसली. हसता हसता दोघातिघांनी सागरकडे पाहिलं. मी ते पाहिलं, म्हणजे त्यानेही पाहिलं असणार. त्याने दारू सोडल्याला आता दोन वर्षं होतील. हेदवीच्या दशभुजा गणपतीच्या पायाशी हात ठेवून सोडली आणि पुन्हा शिवलेला नाही. पण गावाला त्याचं हसू अजून पुरतंय.

मग मी उठले आणि म्हणाले, जबाबदारी माझी. ठराव पास झाला.

१४ नोव्हेंबर

गाड्या आल्या. पांढऱ्या, आवाजच नाही. मागून पाण्याचे थेंब गळतात. सागर त्यांच्याभोवती लग्नातल्या मुलासारखा फिरतोय.

ऋत्विकने अंगणात स्टीलच्या ताटलीत चमचाभर मिथेनॉल ओतलं, काडी लावली आणि विचारलं, "वहिनी, पेटलंय का?" भर दुपारचं ऊन. मला ताटलीवरची हवा थोडी थरथरताना दिसली, बाकी काही नाही. त्याने वर्तमानपत्राचा तुकडा वर धरला. तो भक्कन पेटला.

"उन्हात ज्योत जवळजवळ दिसतच नाही," तो म्हणाला. "म्हणून शेडमध्ये काही संशय आला तर खराटा पुढे धरून जायचं. आग असली तर आधी खराटा पेटेल."

भिंतीवर त्याने एक डबा बसवला. हवेत गॅस वाढला की ओळखतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा.

न दिसणारी आग! ती ताटली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

१९ नोव्हेंबर

पहिली मोठी फेरी. सांगलीचं कुटुंब. म्हणाले, आरे-वारेच्या घाटीवर काचा खाली केल्या तर फक्त समुद्र ऐकू येत होता. सागरने परत आल्यावर हे मला तीनदा सांगितलं. इतका मोकळा हसताना मी त्याला खूप दिवसांनी पाहिलं.

मी मात्र आज सहा-सात वेळा तरी शेडमध्ये जाऊन आले असेन, दरवेळी खराटा पुढे धरून. सागर म्हणाला, "भूत झाडायला निघालंस काय?"

२३ नोव्हेंबर

अनिल भावोजींनी बागेत पाला जाळला. वारा आमच्या बाजूला. ठिणग्या कुंपणावरून उडताना दिसल्या. शेडच्या वरच्या अंगाला जाळीच्या विटांची रांग आहे, हवा यायला सोडलेली. त्यातून एक ठिणगी आत गेली तर?

दुपारी शिडी लावून मी स्वतः सगळ्या जाळ्यांवर जाड प्लास्टिक ठोकलं. खिडकी खिळ्यांनी बंद केली. आणि सागरला बजावलं, इंधन भरताना शटर खाली ओढून घ्यायचं, बाहेर कोण बिडी ओढत फिरेल सांगता येत नाही.

ऋत्विकला फोन करून सांगितलं, जाळ्या बंद केल्या. म्हणाला, "डब्याचा दिवा हिरवा आहे ना? मग काही हरकत नाही."

आज जरा बरं वाटतंय.

२९ नोव्हेंबर

ड्रमच्या हातपंपाची नळी सांध्यातून पाझरतेय. आतलं वॉशर फुगलं म्हणे, या इंधनाला तसलं रबर चालत नाही. पुण्याहून दुसरं येईल. तोपर्यंत सागर खाली फडकी टाकतो आणि पिळून काढतो. कंपनीने दिलेले हातमोजेही बोटांकडे मऊ पडून फाटले. तो म्हणतो, मोज्यांशिवायच बरं, हात गारगार लागतात आणि ग्रीसचा डाग झटकन जातो.

मी एवढंच पाहिलं की फडकी उन्हात वाळत घालायची नाहीत. पेटली तर कळणारसुद्धा नाही. आतच ठेवायला सांगितली.

४ डिसेंबर

लिहू की नको असं झालंय.

सागरचा शर्ट धुवायला घेतला आणि वास आला. हलकासा, गोडसर. लग्नानंतर बारा वर्षं सोसलेला हा वास मी ओळखते. शर्ट बादलीत टाकला, परत काढला, परत हुंगला.

सकाळपासून त्याचं डोकं दुखतंय. जेवला नाही, मळमळतंय म्हणाला. ही डोकेदुखी आणि ही मळमळसुद्धा मी ओळखते.

७ डिसेंबर

विचारलंच शेवटी. तो ओट्यावर बसून बूट घालत होता.

"सागर, घेतोस का तू?"

त्याचा हात थांबला. "काय?"

"शर्टाला वास येतो. तोंडालापण येतो."

"तो मिथेनॉलचा हाय गो. दिवसभर त्यातच असतो मी."

"ऋत्विक म्हणाला, त्याला फारसा वास नसतो."

"मग त्याला जाऊन विचार. मला काय विचारतंस?" तो उठला, तर तोल गेला. खांबाला धरून सावरला. "मी घेतलेली नाय, दर्शना. तुला कोणाची शपथ पायजे?"

बरी सापडली पळवाट, असं मनात आलं. वास आला की इंधनाकडे बोट. पूर्वीही असंच असायचं. कधी खोकल्याचं औषध, कधी मित्राने अंगावर सांडलेली. त्याचा चेहरा मात्र पूर्वीसारखा नव्हता. पूर्वी नजर चुकवायचा. आज माझ्याकडे बघत होता, पण जणू माझ्या मागे दुसरं कुणी उभं आहे असा बघत होता.

११ डिसेंबर

आमच्या राहीचा कोल्हापूरच्या होस्टेलवरून फोन. म्हणाली, "मम्मी, पप्पा हल्ली टाइप का नाही करत? मी मेसेज पाठवते, तर बोलून रेकॉर्डिंग पाठवतात. मी पाठवलेला फोटोसुद्धा म्हणाले, चांगला आहे, पण काय आहे ते सांग."

मी म्हटलं, चाळिशी लागली, चष्मा हवाय त्यांना. पोरीला काय सांगणार?

डॉक्टरकडे नेलं होतं. पित्ताच्या गोळ्या दिल्या.

१५ डिसेंबर

ड्रममध्ये जेवढं असायला हवं तेवढं नाही. गाड्यांत गेलेलं धरूनही कमी भरतंय. सांध्यातून पाझरतं, पण इतकं? सागरला विचारलं, तो म्हणाला उडून जात असेल.

मला एक भयंकर विचार आला आणि तो हाकलताही येईना. याला बाहेरची मिळत नाही, गावात सगळे डोळे लावून बसलेत. म्हणून हेच तर नाही ना पीत? आज दुपारभर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडकडे बघत बसले. शटर खाली. आत काय चाललंय दिसत नाही. मासे करपले.

२१ डिसेंबर

सागरने गाडी घासली. आरे-वारेच्या वळणावर, दगडी कठड्याला. गाडीत चार माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण पाव हात पुढे असते तर खाली खडक.

पाहुण्यांना मी हात जोडले. ते गेल्यावर त्याला विचारलं, काय झालं?

"उजेड एकदम वाढला गो. सगळा पांढरा. धुक्यातून गाडी चालवतोय असा वाटला."

"भर दुपारी धुकं?"

तो म्हणाला, "मला पण कळत नाय."

मी किल्ल्या काढून घेतल्या. त्याने हू की चू केलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मिऱ्या गावच्या एका मुलाला चालक म्हणून ठेवला. सागरला सांगितलं, आजपासून तू गाडी चालवायची नाहीस. शेडमध्ये थांब, इंधन भर, गाड्या धू. नजरेसमोर राहशील.

२५ डिसेंबर

नाताळची गर्दी. तिन्ही गाड्या दिवसभर पळतायत. सागर सकाळपासून शेडमध्येच. दुपारचं जेवण मी तिथेच नेऊन दिलं. घामाने डबडबलेला, पँटचे गुडघे ओले. ड्रम बदलताना नळी सुटून इंधन अंगावर आलं म्हणाला. कपडे बदल म्हटलं, तर गाडी उभी आहे, नंतर बदलतो म्हणाला.

मी खराटा फिरवून बघितला. दिवा हिरवा.

वाईट वाटतं, पण खरं लिहिते. तो दिवसभर तिथे अडकलेला असला की मला निवांत वाटतं.

२९ डिसेंबर, सिव्हिल हॉस्पिटल

चार दिवसांचं एकदम लिहिते. थांबले तर उठून येरझाऱ्या घालीन आणि इथे घालायला जागा नाही.

सव्वीस तारखेला सकाळी सागर उठला आणि म्हणाला, "दिवे लाव." खिडकीतून ऊन आत आलेलं. मी म्हटलं, सकाळ आहे. तो म्हणाला, "मग मला का दिसत नाय?" श्वास असा चालला होता जसा घाट पळत चढून आलाय. तोंडाला तोच वास.

अनिल भावोजींची गाडी बोलावली. आमची नको म्हटलं.

इथल्या डॉक्टर तेजस्वी, तरुणच बाई आहेत. त्यांनी डोळ्यांत बॅटरी टाकली, रक्त घ्यायला सांगितलं आणि मला विचारलं, "पितात का?"

मी म्हणाले, "हो. दोन वर्षं सोडली होती. महिनाभर परत सुरू आहे."

सागर कॉटवरून म्हणाला, "नाय." नुसतं "नाय." कुणी ऐकलं नाही. मी पण नाही.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "कुठली? हातभट्टीची?"

"ठाऊक नाही."

थोड्या वेळाने रक्ताचा रिपोर्ट आला. त्या माझ्याकडे न बघता नर्सला म्हणाल्या, "मिथेनॉल वाटतंय. गावठी दारूत भेसळ असते ना, त्यातलं."

तो शब्द मी रोज वाचत होते. निळ्या ड्रमवर, पांढऱ्या अक्षरांत.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे प्यायलाच लागतं का? अंगावर सांडलं तर? बंद खोलीत नुसतं हुंगलं तर?"

त्या वळल्या. "कुठल्या खोलीत?"

मी सगळं सांगितलं. शेड, शटर, फडकी, प्लास्टिक ठोकलेल्या जाळ्या. सांगताना एकेक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर येत होती आणि मलाच ऐकू येत होती. कातडीतून जातं, त्या म्हणाल्या. श्वासातून जातं. दिवसच्या दिवस गेलं तर पोटातून गेल्यासारखंच. आणि आधी डोळे धरतं.

पुढचं लिहायला जड जातंय. यावरचं खास औषध इथे नव्हतं, मुंबईहून मागवायचं होतं. डायलिसिसची तयारी चालली होती. "तोवर एक उपाय आहे," त्या म्हणाल्या. "साधी दारू. शरीर तिच्यामागे लागतं आणि या विषाला हात लावत नाही. मोजून द्यायची, आमच्या देखरेखीखाली. आणा."

वाइन शॉपच्या रांगेत मी जन्मात पहिल्यांदा उभी राहिले. पुढे सगळे पुरुष. अनिल भावोजी गाडीतून उतरत म्हणाले, "तू बस, मी आणतो." मी म्हटलं, नाही, मीच. का म्हटलं माहीत नाही. दुकानदाराने विचारलं, "कुठली देऊ?" मला एकही नाव माहीत नव्हतं. बारा वर्षं मी त्या बाटल्या मोरीत ओतल्या, पण नाव कधी वाचलं नव्हतं. म्हटलं, "औषधाला पायजे." मागचा माणूस हसला.

परत आले तर सागर तोंड मिटून पडलेला. नर्सने संत्र्याच्या रसात घालून ग्लास पुढे केला. त्याने वासावरून ओळखलं आणि मान फिरवली.

"नको. देवाला शब्द दिलाय."

"औषध आहे."

"नको. उद्या परत म्हणशील, घेतो."

डॉक्टर म्हणाल्या, वेळ नाही. मी ग्लास घेतला. त्याची मान हातावर घेतली. म्हटलं, "सागर, शब्द मी दिला होता असं समज. मी मोडते. देवाने विचारलं तर माझं नाव सांग."

तो माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होता. "मी घेतली नव्हती गो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आत्ता माहीत झाला."

"हो. आत्ता."

मग तो प्यायला. घोट घोट. मी पाजत होते आणि तो रडत होता. मी रडले नाही, ग्लास हलला असता.

३१ डिसेंबर

दोनदा डायलिसिस झालं. मुंबईचं औषध आलं. श्वास सरळ चालतोय. धोका टळला म्हणतात. डोळ्यांचं आत्ता काही सांगता येणार नाही म्हणतात.

बाहेर कुणीतरी फटाके आणलेत. माझ्या अंगावर काटा येतो, मग आठवतं की मी चुकीच्याच गोष्टीला घाबरत होते.

३ जानेवारी

ऋत्विक आला. पाच मिनिटं कॉटपाशी उभा राहिला. मग बाहेर व्हरांड्यात माझ्याशी बोलला. शेड बघून आला होता.

"वहिनी, डबा बिघडलेला नाही."

"मग दिवा हिरवा कसा?"

"तो पेट घेण्याइतकी वाफ झाली की लाल होतो. माणसाला बाधण्याइतकी वाफ त्याच्यापेक्षा कितीतरी कमी असते. तेवढी त्याला कळतच नाही." तो जमिनीकडे बघत होता. "आम्ही आगीचाच विचार केला. तुमच्या सभेत सगळे स्फोटाबद्दल विचारत होते. मीही त्याचीच उत्तरं देत राहिलो. प्यायचं नाही म्हणालो, कातडीचं बोललोच नाही."

"जाळ्या मी बंद केल्या."

"मला फोन करून सांगितलं होतंत. मी हरकत नाही म्हणालो."

त्याच्यावर ओरडावं असं फार वाटलं. पण त्याचेच डोळे लाल झाले होते.

११ जानेवारी

घरी आलो. सागर पडवीत बसतो. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता जे आलं ते आलं, पुढे थोडं सुधारेलही, आशा धरू नका आणि सोडूही नका. असलं वाक्य घेऊन माणसाने दिवस कसा काढायचा?

दुपारी कंपनीच्या कुणा मोठ्या साहेबांचा फोन. आवाज मधाळ. म्हणाले, मदत करू, पण लोकांत बोलताना जपून बोला. "हॉस्पिटलच्या कागदावर तुम्हीच सांगितलेलं आहे ना, महिनाभर मद्यपान सुरू होतं म्हणून? मग दोष इंधनाचा कसा ठरवणार?"

मी फोन ठेवला. माझंच वाक्य. मी उभं राहून सांगितलं, तो "नाय" म्हणत असताना.

१३ जानेवारी

डॉक्टर तेजस्वींना भेटून आले. म्हटलं, ते खोडा. त्या म्हणाल्या, लिहिलेलं खोडता येत नाही. पण तुमचा आताचा जबाब खाली जोडता येतो. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. खाली सही केली.

सागरला सांगितलं नाही. सांगितलं की तो म्हणेल, कशाला गेलीस.

१८ जानेवारी

पुन्हा तीच शाळा, तीच बाकं. कंपनी चाचणी पुढे चालू ठेवू म्हणतेय, शेड दुसऱ्याच्या आवारात, आणि मग दाभोळ, केळशीकडेही.

साहेब स्वतः आले होते. म्हणाले, झालेली घटना दुर्दैवी, पण वैयक्तिक सवयींमुळे... वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. माना हलल्या.

मी उठले.

"सवय-बिवय काही नाही. तो पितो असं मीच म्हणाले होते. हॉस्पिटलात म्हणाले, घरात म्हणाले, महिनाभर मनात म्हणत होते. खोटं होतं ते. त्याने थेंब घेतला नव्हता. त्याला वास येत होता तो तुमच्या ड्रमचा, आणि त्याला मी त्या ड्रमापाशी दिवसभर बसवला, कारण मला त्याच्यावर विश्वास नव्हता."

"मी गाडीच्या विरोधात नाही," मी म्हटलं. "गाडी चांगली आहे. पण आधी सांगा, इंधन भरणारा माणूस कोण, तो कुठे उभा राहणार, वाफ कुठून बाहेर जाणार, आणि त्याच्या हातात कसले मोजे. हे सांगितल्याशिवाय ठराव नाही."

अनिल भावोजी उठले. मला वाटलं, आता हे म्हणतील, मी सांगत नव्हतो? ते म्हणाले, "मी बॉम्ब बॉम्ब करत बसलो. पालापण मीच जाळला." मग साहेबांकडे वळले. "दर्शना विचारतेय त्याचं उत्तर द्या ओ."

साहेबांनी ऋत्विककडे पाहिलं. ऋत्विक उभा राहिला आणि साहेबांना न विचारता म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आज माझ्याकडे उत्तर नाही."

ठराव झाला नाही. बाहेर पडताना एका बाईने माझा हात धरला. केळशीला तिचं माहेर. म्हणाली, तिकडे येऊन हेच सांगशील काय?

२ फेब्रुवारी

केळशीला जाऊन आले. पुढच्या आठवड्यात दाभोळ. सागर म्हणतो, "तू आता पुढारी झालंस." राग आहे की थट्टा, कळत नाही. आवाजावरून पूर्वी कळायचं, आता तो जपून बोलतो, चेहराही जपून ठेवतो.

गाड्या कंपनी घेऊन गेली. आमची जुनी डिझेलची गाडी मिऱ्याचा मुलगा चालवतो. सागर तिचा आवाज ऐकून सांगतो, कुठल्या गिअरला चुकला ते. दिवस जातो.

माझाच जात नाही. भांडी घासताना उठते, कपडे वाळत घालताना थांबते, काहीतरी बघायचं राहिलंय असं वाटत राहतं. काय ते आठवत नाही.

९ फेब्रुवारी

आज सकाळी चहा घेऊन पडवीत गेले. सागरसमोर स्टूल ओढून बसले. दाभोळच्या सभेत काय बोलणार ते त्याला सांगत होते. तो मान हलवत होता, पण चेहरा सारखा इकडेतिकडे फिरवत होता, जशी माशी चुकवतोय.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय. पण तू समोर बसलंस की जातेस."

"म्हणजे?"

"मधे काय राहत नाय मला. पांढरा डाग. तू बरोबर त्याच्यात येऊन बसतेस रोज. चहा दिसतो, खांब दिसतो, तुळस दिसते. तूच नाय."

महिनाभर मी रोज तिथेच बसत होते. त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"मग आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो. वाटला, तुला खरं वाटायचा नाय."

उठले. स्टूल उचललं आणि त्याच्या डाव्या अंगाला ठेवलं.

"इथे?"

"जरा मागे."

"आता?"

त्याने मान समोर, समुद्राकडेच ठेवली होती. माझ्याकडे वळला असता तर मी पुन्हा गेले असते, म्हणून वळला नाही.

"हां," तो म्हणाला. "आता हायस. केस बांधलेले नायत आज."

खरंच नव्हते बांधले. चहा निवून गेला, तरी मी तिथून हलले नाही.